पैलवान ते वस्ताद: जिम हार्बॉ आणि कॉलेज फुटबॉलच्या कोचचं काम

सांगलीहून मिशिगनला शिकायला आलेल्या एका मुलाने मला तीन प्रश्न विचारलेत. शनिवारी लाखभर माणसं कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला जमतात हे पाहून तो चक्रावलाय. त्याचं म्हणणं असं: "काका, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये चौदा मोसम खेळलेला माणूस शेवटी कॉलेजच्या पोरांना शिकवायला येतो, ही पायरी उतरणं नाही का? मोठा खेळाडू चांगला कोच होतोच का? आणि ज्याने हा खेळ कधी खेळलाच नाही, त्याला या कामात शिरता येतं का?"

मी अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे, म्हणजे संघाच्या दुखापती सांभाळणारा माणूस. गेली बावीस वर्षं अमेरिकन कॉलेजांच्या फुटबॉल संघांबरोबर काम करतोय. पहाटे पाचला पोरांचे घोटे टेपने बांधण्यापासून माझा दिवस सुरू होतो. कोच सराव घेतो तेव्हा मी त्याच्यापासून दहा पावलांवर उभा असतो. त्यामुळे कोच माणूस कसा घडतो आणि कसा मोडतो हे मी जवळून पाहिलंय. तो मुलगा ज्याच्याविषयी विचारतोय तो माणूस म्हणजे जिम हार्बॉ. त्याच्या हाताखाली मात्र मी कधी काम केलेलं नाही. त्याच्याविषयी जे सांगतोय ते सगळ्यांसमोर घडलेलं आहे, त्याचा अर्थ मात्र मी माझ्या अनुभवातून लावतोय.

पायरीचा प्रश्न आधी संपवू. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. एनएफएलच्या एकाही मैदानात एवढी माणसं मावत नाहीत. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सरकारी पगारावरचा सर्वांत महागडा माणूस गव्हर्नर नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो. तेव्हा पैसा आणि मान या दोन्ही बाबतींत ही पायरी खाली जात नाही. खाली जातं ते काम. खेळाडू असताना तुझी बॅगसुद्धा दुसरा उचलतो. कोच झालास की सतरा वर्षांच्या पोराच्या स्वयंपाकघरात बसून त्याच्या आईला पटवावं लागतं, की बाई, तुझा मुलगा माझ्याकडे पाठव. ज्याला हे कमीपणाचं वाटतं तो इथे टिकत नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा. इथल्या फुटबॉलशी त्याचं नावापुरतंच नातं. पण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तालमीतच मिळालं होतं. गंगावेशीत लहानपणी ऐकलेलं असायचं, की अमका नावाजलेला पैलवान होता, पण वस्ताद म्हणून त्याच्या हाताखाली पोरगं तयार झालं नाही. आणि तमक्याने मोठी कुस्ती कधी मारली नाही, पण त्याच्या आखाड्यातली पोरं खासबाग गाजवतात. डाव अंगात असणं निराळं आणि तो दुसऱ्याच्या अंगात उतरवणं निराळं. हार्बॉची गोष्ट मला आवडते ती यासाठी, की तो पैलवान असतानाच वस्तादाच्या कामाला लागला होता.

जिमचे वडील जॅक हार्बॉ कॉलेज कोचच होते. सत्तरच्या दशकात ते मिशिगनच्या बो शेम्बेकलर या करड्या हेड कोचचे सहायक होते, म्हणून जिमचं बालपण विद्यापीठाच्या गावात, अ‍ॅन आर्बरमध्ये गेलं. पुढे तो त्याच शेम्बेकलरचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू, झाला. १९८६ मध्ये मिशिगनचा कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याआधी "आम्ही जिंकणारच" असं त्याने पत्रकारांना सांगून टाकलं आणि मिशिगनने तो सामना २६–२४ असा जिंकला. १९८७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, शिकागो बेअर्सने त्याला पहिल्याच फेरीत, सव्विसाव्या क्रमांकावर घेतलं.

व्यावसायिक खेळाडू म्हणून तो चांगला होता, थोर नव्हता. शिकागोत सात मोसम काढले. १९९२ मध्ये मिनेसोटात बेअर्स २०–० ने पुढे होते. तिथलं बंदिस्त मैदान कानठळ्या बसवणारं, म्हणून कोच माइक डिटकाने ताकीद दिली होती की ऐन वेळी डाव बदलायचा नाही. हार्बॉने बदलला. पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला, त्याने तो थेट टोकाच्या पट्टीत नेऊन टचडाउन केला आणि बेअर्स २१–२० ने हरले. कॅमेऱ्यांसमोर डिटका त्याच्यावर जो काही ओरडला ते सगळ्या देशाने पाहिलं. १९९५ चा मोसम त्याचा सर्वांत चांगला. तेव्हा तो इंडियानापोलिस कोल्ट्सकडे होता. लीगमध्ये पासरचं रेटिंग, म्हणजे पास फेकण्याच्या कामगिरीचा आकडा, सर्वांत वरचं त्याचं होतं, आणि त्याचा संघ सुपर बोल या एनएफएलच्या अंतिम सामन्यापासून एका सामन्यावर येऊन पिट्सबर्गकडून २०–१६ ने हरला. शेवटच्या क्षणी त्याने फेकलेला लांब पास टोकाच्या पट्टीत कोल्ट्सच्या खेळाडूच्या अंगावर येऊन निसटला. त्यानंतर बॉल्टिमोर, सॅन डिएगो, आणि २००० नंतर खेळणं थांबलं.

आता ज्या भागावर मला थांबायचंय तो इथे येतो. १९९४ ते २००१, म्हणजे एनएफएलमध्ये खेळत असतानाच, हार्बॉ वेस्टर्न केंटकी विद्यापीठात वडिलांचा बिनपगारी सहायक कोच होता. हे विद्यापीठ फुटबॉलमधल्या बड्यांपैकी नव्हतं. १९९२ मध्ये तर तिथला फुटबॉलच बंद करायचं घाटत होतं आणि जॅककडे पैशांची आणि माणसांची चणचण होती. कॉलेजच्या वतीने खेळाडूंना भेटायला जायचं तर एनसीएए या नियामक संस्थेचे नियम पाळणारा अधिकृत कोच असावं लागतं. जिमने ती मान्यता घेतली. त्या काळी शाळकरी खेळाडूंनी कॉलेजशी करार करण्याचा दिवस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात यायचा. म्हणजे एनएफएलचा मोसम संपून बाकीचे खेळाडू अंगाला बर्फ लावून सुट्टीवर जायचे, तेव्हा हा फ्लोरिडात शाळांच्या दारात उभा असायचा. विली टॅगर्ट हा क्वार्टरबॅक त्याने असाच तिथून वेस्टर्न केंटकीला आणला. हाच टॅगर्ट पुढे स्टॅनफर्डला त्याचा सहायक झाला आणि नंतर स्वतः हेड कोच. २००२ मध्ये वेस्टर्न केंटकीने आपल्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघात जिमने घरोघरी फिरून आणलेली पोरं होती.

लोक हार्बॉचा उल्लेख करताना ही आठ वर्षं एका ओळीत उरकतात. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. खेळाडूचं आयुष्य त्याला दुसऱ्याकडे बघायला शिकवत नाही. क्वार्टरबॅक तीन सेकंदांत पाच-सहा गोष्टी टिपतो, पण कशा टिपल्या हे त्याला सांगता येत नाही, कारण ते डोळ्यांना आणि पायांना ठाऊक असतं, तोंडाला नसतं. मी एका कॉलेजात असताना तिथे एक माजी एनएफएल खेळाडू कोच म्हणून आला होता. भला माणूस, पोरांवर जीव लावणारा. बचावातला पवित्रा दाखवायला तो स्वतःच वाकायचा, आणि चाळिशी ओलांडूनही असा वाकायचा की पोरं बघत राहायची. मग म्हणायचा, "असं." पोरांना "असं" म्हणजे काय ते कळायचं नाही. तो पुन्हा दाखवायचा, पुन्हा "असं." आठवड्याभराने आवाज चढायचा. दोन मोसमांत त्याची नोकरी गेली. त्याला कमरेचा कोन दिसत होता, पण पोराचं वजन चुकीच्या टाचेवर आहे हे शब्दांत सांगता येत नव्हतं. ते सांगायला शिकण्याइतका वेळ त्याला कुणी दिलाच नव्हता. खेळ सोडला आणि तीन महिन्यांत थेट कोच. हार्बॉने ती उमेदवारी जर्सी अंगात असतानाच केली, तीही फुकट.

खेळणं थांबल्यावर त्याने ओकलंड रेडर्समध्ये दोन मोसम खालच्या पायरीवरचं काम केलं. मग २००४ मध्ये तो सॅन डिएगो विद्यापीठाचा हेड कोच झाला. नावावरून फसू नकोस. हे छोटं कॅथलिक विद्यापीठ. तिथे फुटबॉलसाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, खेळणारी पोरं आपली फी भरून शिकतात. सुपर बोल खेळलेल्या संघाची नोकरी सोडून तिथे जाण्याचा निर्णय अनेकांना वेडेपणाचा वाटला असेल. पण हेड कोचचं काम हेड कोच झाल्याशिवाय शिकता येत नाही. बस किती वाजता सुटणार, जेवणात काय, नापास होणाऱ्या पोराचं काय करायचं, हे सगळं त्याच्याच डोक्यावर. छोट्या जागी चुका झाल्या तर त्या टीव्हीवर जात नाहीत. पहिल्या वर्षी ७–४, म्हणजे सात जिंकले, चार हरले, मग दोनदा ११–१. जॉश जॉन्सन नावाचा, मोठ्या कॉलेजांनी फारसा न विचारलेला क्वार्टरबॅक तिथे तयार झाला आणि पुढे एनएफएलमध्ये तब्बल चौदा वेगवेगळ्या संघांत गेला. तो विक्रमच आहे.

मग स्टॅनफर्ड. २००६ मध्ये हा संघ बारापैकी अकरा सामने हरला होता. हार्बॉ २००७ मध्ये आला, आणि ऑक्टोबरच्या ६ तारखेला त्याचा संघ लॉस एंजलिसला दुसऱ्या क्रमांकावरच्या यूएससीशी खेळायला गेला. यूएससी घरच्या मैदानावर सलग ३५ सामने जिंकलेलं होतं. सट्टेवाल्यांनी स्टॅनफर्डला ४१ गुणांनी मागे धरलं होतं. त्यात स्टॅनफर्डचा नेहमीचा क्वार्टरबॅक आजारी, म्हणून टविटा प्रिचर्ड हा मुलगा पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. शेवटच्या मिनिटात, चौथ्या आणि अखेरच्या संधीवर, दहा यार्डांवरून त्याने टचडाउनचा पास दिला. २४–२३. मी त्या रात्री दुसऱ्या गावी आमच्या संघाच्या हॉटेलात होतो. आमचे सगळे कोच जेवण सोडून टीव्हीपुढे उभे होते आणि खोलीत कुणी बोलत नव्हतं.

पण त्या एका रात्रीपेक्षा पुढची तीन वर्षं अभ्यासण्यासारखी आहेत. त्या मोसमात एकूण ४–८, मग ५–७, मग ८–५, मग १२–१ आणि मोसमाअखेरच्या ऑरेंज बोल या सामन्यात व्हर्जिनिया टेकवर ४०–१२ असा विजय. हार्बॉ स्वतः क्वार्टरबॅक. अशा माणसाने हवेत चेंडू फेकणारा संघ बांधला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्याने उलट केलं. त्या काळात सगळीकडे मैदानभर पसरून वेगाने खेळायची लाट होती, आणि याने जाडजूड लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेत समोरच्याला ढकलणारे खेळाडू, गोळा केले, कधी नेहमीच्या पाचांपेक्षा जास्त एकदम उभे केले. 'पॉवर' हा जुना डाव त्याने रोजचा केला. त्यात एका बाजूचा गार्ड, म्हणजे त्याच रांगेतला एक खेळाडू, आपली जागा सोडून दुसऱ्या बाजूला धावतो आणि तिथे आधीच झालेल्या गर्दीत आणखी एक धक्का देतो. चेंडू घेतलेला खेळाडू त्याच्या मागून शिरतो. यात लपवाछपवी नाही, समोरच्याला माहीत असतं काय येणार आहे. हे त्याने शेम्बेकलर आणि डिटकाकडे अंगावर सोसलेलं होतं. अभ्यासाला कडक असलेल्या स्टॅनफर्डला सर्वांत वेगवान पोरं मिळणार नाहीत, पण शिस्तीने ढकलणारी मिळतील, हा त्याचा हिशेब. अँड्रू लकसारखा क्वार्टरबॅक असूनही संघाचा पाया धावण्याचाच राहिला. ओवेन मॅरेसिक हा मुलगा तर हल्ला आणि बचाव या दोन्ही बाजूंनी खेळायचा. रिचर्ड शर्मन चेंडू झेलणारा म्हणून आला होता, तिथेच बचावात गेला आणि पुढे एनएफएलच्या नामवंत बचावपटूंमध्ये गणला गेला.

स्टॅनफर्डनंतर एनएफएलच्या सॅन फ्रान्सिस्को संघात काढलेली चार वर्षं थोडक्यात सांगतो, कारण ती कॉलेजची नाहीत. एनएफएलचा हेड कोच म्हणून ४४ जिंकले, १९ हरले, एक बरोबरी. २०१३ च्या सुपर बोलमध्ये सख्ख्या भावाच्या, जॉनच्या, बॉल्टिमोर संघाकडून तो ३४–३१ ने हरला. २०१४ च्या मोसमानंतर क्लबशी वाट वेगळी झाली आणि तो घरी, मिशिगनला आला.

घरी येणं सोपं नसतं. पहिली पाच वर्षं सामने भरपूर जिंकले, पण ओहायो स्टेटविरुद्ध पाचही हरला. मिशिगनमध्ये याचा अर्थ काय ते तू आता तिथे राहून ऐकतच असशील. २०२० मध्ये साथीच्या वर्षात २–४. विद्यापीठाने नवा करार पुढे केला तो जवळजवळ निम्म्या पगाराचा. नामवंत माणूस अशा वेळी उठून जातो. हार्बॉने सही केली आणि आपले सहायक बदलले. बचावाचं काम त्याने भावाच्या संघातून आलेल्या तेहतीस वर्षांच्या माइक मॅकडॉनल्डला दिलं. आपल्या निम्म्या वयाच्या आसपासच्या माणसाला अर्धा संघ सोपवायला मन मोठं लागतं. २०२१ च्या नोव्हेंबरात अ‍ॅन आर्बरमध्ये मिशिगनने ओहायो स्टेटला ४२–२७ ने हरवलं. हसन हॅस्किन्सने एकट्याने पाच टचडाउन केले, सगळे धावून. तोच जुना ढकलण्याचा खेळ. त्या मोसमात मिळालेले बोनस हार्बॉने साथीत पगारकपात सोसलेल्या क्रीडा विभागाच्या कर्मचाऱ्यांना द्यायचं जाहीर केलं. आमच्या धंद्यातली माणसं, म्हणजे ट्रेनर, कपडे धुणारे, मैदान राखणारे, ही गोष्ट विसरलेली नाहीत. २०२३ मध्ये सगळे पंधरा सामने जिंकून त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनवर ३४–१३. लगेच तो एनएफएलच्या चार्जर्सकडे गेला.

याच २०२३ च्या मोसमाचा डाग मी झाकणार नाही. त्या मोसमात नियमित सामन्यांपैकी सहा सामने तो मैदानावर नव्हता. पहिले तीन खेळाडू भरतीच्या नियमभंगावरून विद्यापीठानेच बाहेर बसवलं म्हणून, शेवटचे तीन संघाच्या एका कर्मचाऱ्याने प्रतिस्पर्धी कोच आपल्या खेळाडूंना डाव सांगायला करतात त्या खुणा चोरण्याची यंत्रणा चालवली म्हणून बिग टेन परिषदेने, म्हणजे मिशिगन ज्या विद्यापीठगटात खेळतं त्याने, दिलेल्या शिक्षेमुळे. आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्याचं म्हणणं. एनसीएएने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्यावर चार वर्षांचे निर्बंध लावले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यापुढे आणखी दहा वर्षांचे. त्या काळात त्याला नेमणं कुठल्याही कॉलेजला जवळपास अशक्यच आहे. माझं मत स्पष्ट आहे: हेड कोचला आपल्या इमारतीत कोण काय करतं हे माहीत असलंच पाहिजे. पोराचा घोटा सुजलाय हे ज्याला कळतं, त्याला हेही कळायला हवं. दुसऱ्या बाजूला, खेळाडूंना विद्यापीठांच्या कमाईतला वाटा मिळावा, हे मोठ्या कॉलेज कोचपैकी उघडपणे आणि पुन्हा पुन्हा बोलणाऱ्यांत तो होता. २०२५ पासून विद्यापीठं तसा वाटा देऊही लागली. अंगावर मार खाऊन पैसे कमावलेल्या माणसालाच हे आतून कळतं, असं मला वाटतं.

सगळ्यांचा रस्ता असाच असतो असं मात्र नाही. डीऑन सँडर्स हा खेळाडू म्हणून हार्बॉपेक्षा कितीतरी मोठा. त्याने शाळकरी संघांना शिकवलं, मग २०२० मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठाकडे गेला. २०२१ च्या अखेरीस ट्रॅव्हिस हंटर हा देशातला अव्वल शाळकरी खेळाडू बड्या कॉलेजला नकार देऊन त्याच्याकडे आला, आणि पुढे कोलोरॅडोत त्याच्याच हाताखाली सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा २०२४ चा हाइजमन करंडक जिंकला. तिथे नावाची ताकद दिसते. पोरं सँडर्सकडे ओढली जातात. हार्बॉला पोरांकडे जावं लागलं, एकदा तर तो एका शाळकरी किकरच्या घरी रात्री मुक्कामालाच राहिला. दोन्ही खरे रस्ते आहेत, पण पहिला फार थोड्यांना खुला असतो.

आता तुझा तिसरा प्रश्न. हो, शिरता येतं. प्रत्येक मोठ्या संघात विद्यार्थी मॅनेजर असतात. चेंडू, डमी आणि पाणी मैदानावर नेणं, सरावाचं चित्रण करणं, प्रत्येक डावाची नोंद संगणकात भरणं ही त्यांची कामं. आजच्या कित्येक कोचची आणि विश्लेषकांची सुरुवात तिथेच झाली. तू आकडेशास्त्र शिकतोयस, तर चित्रणाच्या खोलीत तुझा उपयोग आहे: तिसऱ्या संधीवर समोरचा संघ कुठल्या रचनेतून काय करतो, हे मोजणारा माणूस प्रत्येक संघाला लागतो. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, पण आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घे. वसंतातला सराव साधारण मार्चमध्ये सुरू होतो, माणसं त्याआधीच नेमतात. तेव्हा जानेवारीत इक्विपमेंट रूममध्ये स्वतः जाऊन उभा राहा. ईमेल पाठवू नकोस, ती रोज ढिगाने येतात. सकाळी सहाच्या आधी जा. तिथला प्रमुख हेल्मेटचे स्क्रू आवळत बसलेला असेल, त्याला सांग की पहाटे यायची तयारी आहे. तो पहिल्या दिवशी बहुधा तुझ्या हातात ओल्या टॉवेलांची गाडी देईल. ती घे.